‘नॉर्मल आहे’ असं मी सांगितलं होतं

“एस-एस पॅटर्न आहे,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे काय?” माझ्या सुनेनं, वर्षानं विचारलं.

मी काही विचारलं नाही. मला माहीत होतं.

समता कॉलनीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात आम्ही चौघं बसलो होतो. मी, माझा मुलगा संजय, वर्षा, आणि तिच्या मांडीवर दहा महिन्यांची ओवी. आठवड्यापूर्वी ओवीच्या हातापायांची बोटं सुजली होती, पुरी फुगावी तशी. हात लावला की ती किंचाळायची. याला डॅक्टिलायटिस म्हणतात. बोटांच्या हाडांकडे जाणारं रक्त अडकलं की ही सूज येते, आणि सिकलसेलच्या बाळांत बऱ्याचदा हीच पहिली खूण असते. तुमच्या घरी लहान लेकरू असेल आणि असं दिसलं, तर आधी रक्त तपासा. आम्ही तीन दिवस हळदीच्या लेपात घालवले. लेप माझाच होता. सोबत “काही चावलं असेल” हे निदानही माझंच.

सिकलसेलला इथे ‘सिकलिंग’ म्हणतात, आणि हा शब्द रायपुरात भाजीवालीलाही माहीत आहे. तरी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नळ्यांतून अंग चोरून निघून जातात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि वाटेत अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखतं. आणि दुखतं म्हणजे डोकं दुखतं तसं नव्हे. ओवी सहा वर्षांची असताना म्हणाली होती, “आजी, हड्डी के अंदर कोई दाँत गड़ा रहा है.”

हे का होतं? हिमोग्लोबिन बनवण्याची कृती आपल्या प्रत्येक पेशीत लिहिलेली असते. तिलाच जीन म्हणतात. एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो माणूस ‘ए-एस’, म्हणजे वाहक. त्याला बहुधा काही होत नाही. दोन्ही बिघडलेल्या असतील तर ‘एस-एस’, म्हणजे आजार. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळाच्या वेळी चारात एक अशी जोखीम असते.

“आई-वडील दोघेही वाहक असणार,” डॉक्टर त्या दिवशी म्हणाले.

“माझा तर टेस्ट झाला आहे,” संजय म्हणाला. “लग्नाच्या आधी, ऑफिसच्या कॅम्पात. नॉर्मल होता.”

“रिपोर्ट आहे का?”

संजयनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “घर बदललं तेव्हा हरवला.”

डॉक्टरांनी त्याचं रक्त पुन्हा तपासलं. ए-एस. संजय कपाळाला हात लावून म्हणाला, “सरकारी कॅम्पाचं काय खरं धरायचं.” घराची गोष्ट तिथेच पक्की झाली. कॅम्पवाल्यांनी चूक केली. ओवीचे आजोबाही पुढे तेच खरं मानून गेले. पुढची अठरा वर्षं पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, प्रत्येक नव्या डॉक्टरला आमच्याकडे हेच सांगितलं गेलं. दर वेळी मी तिथे बसलेली असायची, आणि कधी कधी मान डोलवायची.

आता त्या बाईची ओळख करून देते. म्हणजे माझीच, पन्नाशीतली.

नवीन राज्य झालं तेव्हा ओवीच्या आजोबांची सिंचन खात्यात भोपाळहून रायपूरला बदली झाली. राजधानी नवी, ऑफिसं नवी, आणि मीही स्वतःला नवीन राजधानीतली कोणीतरी समजायला लागले होते. इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाची यादी माझ्या हातात होती. कोणाच्या घरी कोणतं स्थळ आलं, कोणाचं काहून मोडलं, सगळं मला आधी कळायचं. मी फार हुशार होते. तसं मला कोणी म्हटलं नव्हतं, मीच म्हणायची.

संजयला नोकरी लागली आणि ऑफिसात सिकलिंगचा कॅम्प झाला. तो दौऱ्यावर असताना आरोग्य विभागातली एक सिस्टर कार्ड द्यायला घरी आली. उन्हातून आली होती बिचारी. मी पाणी दिलं. ती म्हणाली, “बीमारी नहीं है अम्मा, घबराना मत. बस शादी से पहले लड़की का जाँच करा लेना.” इतकं सोपं, इतकं स्वच्छ सांगून ती गेली. कार्डावर नाव होतं, आणि नावापुढे ए-एस.

तेव्हा राजनांदगावच्या वर्षाचं स्थळ चालू होतं. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. मुलीची जाँच करा म्हणायचं तर आधी आपल्या पोट्ट्याचं सांगावं लागणार. मग मंडळात होणार, अमकीच्या पोट्ट्यात दोष आहे. ज्या यादीवर मी राज्य करत होते त्या यादीत माझंच नाव गेलं असतं.

मी ते कार्ड गॅसवर धरलं. जळून गेल्यावर त्याच गॅसवर चहा ठेवला. आलं घालून.

संजय आला तेव्हा सांगितलं, “रिपोर्ट आला होता, नॉर्मल आहे.” आणि पुढच्याच रविवारी राजनांदगावला जाऊन मी त्या मुलीला चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, आणि तिच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात चष्म्याचा नंबर विचारला. मुलगी तपासून घ्यायला हवी ना.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, अडाणी बाई होती, तिला कळलं नसेल. नाही हो. बी.ए. आहे मी.

याच्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वर्षाला दिवस गेले तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची करतात तशी सिकलिंगची तपासणी केली. ती वाहक निघाली. संजय ऑफिसात होता, दवाखान्यात सोबत मीच होते. बाई म्हणाल्या, “मिस्टरांचीही करून घ्या. दोघेही वाहक असले तर बाळाची तपासणी पोटात असतानाच करता येते.” मी म्हणाले, “त्याची झाली आहे, नॉर्मल आहे.” त्यांनी कागदावर तसं लिहिलं. वर्षानं सुटकेचा श्वास सोडला आणि माझा हात दाबला.

चारात एकच घर धोक्याचं, बाकी तीन आपली, असं मी स्वतःला समजावत होते. देवीला साडी कबूल केली. ओवी झाली, गोरी, गुटगुटीत, आणि सहा-सात महिने एकदम ठणठणीत. मी देवीला साडी नेसवून आले. ओवी ठणठणीत काहून होती, हे मला अठरा वर्षांनी कळलं, ते पुढे येईलच.

ओवीचं बालपण मी इथे सगळं लिहीत नाही. थंडी वाढली की दुखणं, पाणी कमी प्यायली की दुखणं, परीक्षा आली की दुखणं. याला क्रायसिस म्हणतात. त्यात सलाइन आणि वेदनेची औषधं द्यावी लागतात, कधी रक्त चढवावं लागतं. रोज हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी. तिनं झटके कमी होतात, थांबत नाहीत. डिसेंबरात तर आमची बॅग भरूनच असायची. दुसऱ्या मुलाचा विचार संजय-वर्षानं सोडून दिला. सख्खं भावंड असतं तर त्याची अस्थिमज्जा कदाचित ओवीशी जुळली असती, ती देऊन तिला बरं करता आलं असतं. तीही वाट बंद. त्या घरात मी रोज स्वयंपाक करत होते, ओवीच्या पायाला शेक देत होते, आणि लोक म्हणायचे, आजी किती करते नातीचं.

ओवी अठरा वर्षांची झाली, बी.कॉम.ला गेली, त्या वर्षी तिच्या रक्तविकाराच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात जीन एडिटिंगच्या उपचारासाठी मोजके पेशंट निवडायचे होते. ओवी त्यात बसण्यासारखी होती.

मॅडमनी एक कोरा कागद घेतला. त्यांचं बोलणं मला आठवतं तसं सांगते, कारण तुमच्यापैकी कोणालातरी हे कधी ऐकावं लागेल आणि पहिल्या वेळी काहीच डोक्यात शिरत नाही.

“ओवी, आईच्या पोटात असताना तुझं हिमोग्लोबिन वेगळं होतं. त्याला फीटल हिमोग्लोबिन म्हणतात, म्हणजे गर्भातलं. ते वाकत नाही, त्यानं पेशी विळा होत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याचा स्विच बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. तुझ्यात तेच बिघडलेलं आहे. म्हणून पहिले काही महिने तू चांगली होतीस.”

माझी साडी देवीला नाही, त्या स्विचला नेसवायला हवी होती.

“तो स्विच बंद करणारा एक जीन आहे,” मॅडम पुढे म्हणाल्या. “आम्ही तुझ्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढणार. स्टेम सेल म्हणतात त्यांना, सगळं रक्त त्यांच्यातूनच बनतं. लॅबमध्ये त्या पेशींना हलका विजेचा झटका देतात, त्यानं पेशीच्या पडद्याला क्षणभर बारीक छिद्रं पडतात. त्यातून दोन गोष्टी आत जातात. एक गाइड आरएनए, तो पत्ता सांगतो. दुसरी कॅस-नाइन, ती कात्री. दोन्ही मिळून क्रिस्पर. आपले सगळे जीन ज्या कोट्यवधी अक्षरांत लिहिलेले असतात, त्यांतून गाइड त्या स्विच बंद करणाऱ्या जीनमधली, त्याच्याशी जुळणारी जागा शोधतो, कात्री तिथे कापते. पेशी तो काप स्वतःच जोडते, पण जोडताना तिथली अक्षरं बिघडतात. रक्ताच्या पेशींत त्या जीनला मग स्विच बंद करता येत नाही. बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं.”

मी विचारलं, “गोल बाजारात एकाच नावाची चार दुकानं असतात मॅडम. कात्री चुकीच्या दुकानात शिरली तर?”

मॅडम हसल्या नाहीत. “बरोबर विचारलंत आजी. त्याला ऑफ-टार्गेट म्हणतात. कुठे चुकून कापलं गेलं का ते आम्ही तपासतो, शक्यता कमी राहील असा गाइड निवडतो. पण शून्य आहे असं मी सांगणार नाही. म्हणून पुढे कित्येक वर्षं तपासणीला यावं लागेल.”

मग त्यांनी त्रासाचंही सांगितलं. बदललेल्या पेशींना जागा मिळावी म्हणून केमोथेरपी देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते. केस जातात, तोंड सोलतं, जंतूंशी लढायला पेशी उरत नाहीत, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. “आणि एक गोष्ट लक्षात ठेव,” त्या ओवीला म्हणाल्या. “आपण फक्त रक्ताच्या पेशी बदलतो. तुझ्या बाळांना जे जाईल ते बदलत नाही. तू बरी झालीस तरी लग्न करताना जोडीदाराची तपासणी करावीच लागेल.”

फॉर्म ओवीपुढे ठेवला. ती सज्ञान, सही तिचीच. तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

“मॅडम, पापा का टेस्ट ही ग़लत निकला था,” ती म्हणाली. “इसीलिए तो मैं ऐसी हूँ. एक कार्ड लोग सही नहीं बना पाए. मेरे जीन में कैंची सही जगह चलेगी, ये मैं कैसे मान लूँ?”

मॅडमनी समजावलं की कॅम्पातली चूक आणि ही लॅब यांची तुलना होत नाही. ओवी नम्रपणे ऐकून घेत होती, ऐकत नव्हती. मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवसांत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल.

लहानपणापासून तिनं हेच ऐकलं होतं. मशीन खोटं बोलतं, कागद खोटा असतो, माणसं बिचारी चांगली असतात. हे मी तिला शिकवलं होतं, एक शब्दही न बोलता.

घरी संजयनं समजावलं, वर्षा रडली. ओवीचं उत्तर तेच. मी काय केलं असेल? मी आणखी एक खोटं बोलून पाहिलं. म्हणाले, “अगं, तेव्हाच्या मशिनी जुन्या होत्या, मी ऐकलं होतं की कॅम्पवाल्यांनी मग माफी मागितली.” ओवी म्हणाली, “आजी, तू तो रहने दे.” सत्तरीतही अक्कल आली नव्हती हे यावरून कळेल. जिभेला लागलेली सवय होती ती.

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी ओवीला क्रायसिस आला. दोन दिवस दवाखान्यात राहून ती घरी आली, भिंतीला धरून चालत. त्या रविवारी आम्ही चौघं टेबलाशी बसून मटार सोलत होतो. ओवीच्या बोटांत जोर नव्हता, ती शेंगा दातानं उघडत होती.

“संजय,” मी म्हणाले, “तुझा टेस्ट बरोबर होता.”

“कोणता टेस्ट?”

“ऑफिसचा. कार्डावर ए-एसच होतं. मी जाळून टाकलं.”

कोणालाच पटकन कळलं नाही. संजय तर हसला, मला वाटतं त्याला माझी थट्टा वाटली. मी नेहमीच काहीबाही बोलून हसवते. वर्षाला आधी कळलं.

“लग्नाच्या आधी?” तिनं विचारलं.

“हव.”

“आणि ओवीच्या वेळी डॉक्टरीणबाईले नॉर्मल सांगितलं, तेव्हा?”

“तेव्हाही मले माहीत होतं.”

“काहून?”

मी सांगितलं. मंडळात नाव जाईल म्हणून. मोठ्यानं बोलल्यावर ते कारण इतकं लहान वाटलं की मलाच दुसरं काही मोठं कारण असावंसं वाटलं. नव्हतं.

वर्षानं हातातली शेंग ताटात टाकली. “तुम्ही मले चष्म्याचा नंबर विचारला होता,” ती म्हणाली. “मायनस दोन. खरा सांगितला होता मी.” आणि मटारचं ताट उचलून आत गेली.

संजय म्हणाला, “अठरा वर्षं मी त्या कॅम्पवाल्यांले शिव्या देऊन राहिलो, आई.” तोही उठला.

ओवी बसून होती. तिनं माझी उलटतपासणी घेतली, वकिलासारखी. कार्ड कोणी आणलं, काय लिहिलं होतं, सिस्टर काय म्हणाली. मी शब्द न शब्द सांगितला. मग ती म्हणाली, “मतलब टेस्ट सही था. सिस्टर भी सही थी. ग़लत तू थी.”

“हव.”

“तू सच बोलती तो मैं होती क्या, आजी? मम्मी-पापा की शादी ही नहीं होती. या फिर पेट में ही…”

“मले माहीत नाही,” मी म्हणाले.

खरंच माहीत नाही. नंतर एका नातेवाईक बाईनं मला हेच सांत्वन म्हणून दिलं, की बघ, तू लपवलंस म्हणून ओवी आहे. मी ते घेतलं नाही. तुम्हीही कोणाला असं देऊ नका. ओवी आहे हे तिचं भाग्य आणि आमचं. माझं त्यात काही नाही. ज्यांनी ठरवायला हवं होतं त्यांच्या हातातून मी ठरवणं काढून घेतलं, इतकंच माझं.

दोन दिवसांनी ओवीनं स्वतः मॅडमना फोन केला आणि सही करून आली. मला माफ केलं म्हणून नव्हे. टेस्टवर भरवसा बसला म्हणून.

केमोच्या आधी मूल होण्याबद्दलच्या ज्या तपासण्या आणि निर्णय असतात, ते ओवी आणि वर्षानं वेगळ्या डॉक्टरांशी बोलून घेतले. काय ठरलं ते मी विचारलं नाही. तुमच्या घरी असं असेल तर हे केमोच्या आधीच विचारा, नंतर उशीर होतो.

मग पेशी काढणं. आधी इंजेक्शन देतात, त्यानं मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका मशीनला जोडतात. एका नळीतून रक्त बाहेर, मशीन पाहिजे त्या पेशी वेगळ्या करतं, बाकीचं रक्त दुसऱ्या नळीतून परत. याला अफेरेसिस म्हणतात. दोन दिवस, दर वेळी कितीतरी तास. पहिल्यांदा पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, महिनाभरानं पुन्हा बोलावलं. तशी तयारी ठेवा, त्यात घाबरण्यासारखं नसतं. तिच्या पेशी खूप थंड डब्यातून दुसऱ्या शहरातल्या लॅबला गेल्या. तिथे कापणं, मोजणं, तपासणं, गोठवणं. त्याला काही महिने लागतात.

ते महिने घरात फार शांतता होती. वर्षा माझ्याशी कामापुरतं बोलायची. “दूध उतू जाईल.” “गॅस बंद केला का.” ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, पण मला सोपं जावं ही जबाबदारी तिची नव्हती. मी एक काम केलं. त्या कॅम्पाच्या सिस्टरला शोधायला निघाले. दोन-तीन आरोग्य केंद्रं पालथी घातली. नाव माहीत नव्हतं, वर्णन काय सांगणार, उन्हातून आली होती? एका ठिकाणी एक तरुण सिस्टर म्हणाली, “अम्मा, वो तो कब की रिटायर हो गई होंगी. काम क्या था?” मी म्हणाले, “शिकायत नहीं है बेटा, उलटा है.” ती नाही सापडली. अजून सापडली नाही.

पेशी तयार होऊन आल्या आणि ओवीला भरती केलं. काचेच्या दाराची खोली, सोबत एकच माणूस. अर्थात वर्षा. मी आणि संजय आळीपाळीनं बाहेरच्या बाकावर. घरचं जेवण चालत होतं, पण कुकरमध्ये शिजलेलं, ताजं आणि गरमच. कच्चं काही नाही. मी रोज मऊ खिचडी नेऊन सिस्टरच्या हातात द्यायची. केमोच्या दिवसांत डबा तसाच परत यायचा.

पेशी परत देण्याचा दिवस म्हणजे काय मोठा सोहळा असेल असं मला वाटत होतं. एक लहानशी पिशवी, सलाइनसारखी टांगलेली, थोड्याच वेळात संपली. पेशी गोठवताना जे औषध घालतात त्याचा वास पेशंटच्या अंगाला येतो. ओवीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “आजी, मेरे में से भुट्टे की बास आ रही है.” तिच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि ओठ फुटलेले होते. मी म्हणाले, “लिंबू-मीठ लावून ठेव.” ती हसली आणि तोंड दुखलं म्हणून रडली. तिच्या मागे वर्षा उभी होती. ती हसली नाही. पण तिनं फोन बंदही केला नाही.

पुढचे दिवस वाट पाहण्याचे. रोज सकाळी रक्त, रोज पांढऱ्या पेशींचा तोच आकडा, शून्याजवळ. नव्या पेशी मज्जेत रुजेपर्यंत अंगात लढायला कोणी नसतं. याला एन्ग्राफ्टमेंटची वाट पाहणं म्हणतात, म्हणजे रुजण्याची. मधे ताप चढला. दोन दिवस अँटिबायोटिक बदलत होते आणि मॅडम काचेच्या दारातून बाहेर येऊन फक्त “बघू” म्हणायच्या. त्या बाकावर बसून मी देवीला काही कबूल केलं नाही. काय तोंडानं करणार होते? फक्त म्हटलं, हिला माझ्या भरवशावर ठेवू नको.

मग एका सकाळी आकडा हलला. दुसऱ्या दिवशी आणखी. मॅडम म्हणाल्या, “रुजल्या.”

ओवी घरी येऊन आता वर्ष होत आलं. या डिसेंबरात आम्ही बॅग भरली नाही. ती दमते, केस अजून मुलासारखे आहेत, तपासण्या चालूच आहेत, आणि पुढे काय होईल ते कोणीही छातीठोकपणे सांगत नाही. पण हाडात दात रुतवणारं कोणी आलेलं नाही. मागच्या तपासणीला मॅडमनी रिपोर्ट दाखवला, बाळपणीचं हिमोग्लोबिन भरपूर आहे.

मी विचारलं, “म्हणजे ते चुकलेलं अक्षर गेलं?”

“नाही आजी,” मॅडम म्हणाल्या. “ते जिथे होतं तिथेच आहे. आपण त्याला हात लावला नाही. फक्त रक्ताला दुसरी वाट उघडून दिली.”

वर्षा शेजारच्या खुर्चीवर होती. तिनं रिपोर्टची फाइल बंद केली आणि म्हणाली, “चला.”

गेल्या महिन्यात सदर बाजाराजवळ माझ्या पुतण्याच्या घरी त्याच्या मुलीला पाहायला गोंदियाची मंडळी आली होती. मी आणि वर्षा मदतीला गेलो होतो. पोहे झाले, पत्रिका बाहेर निघाल्या. मी म्हणाले, “दोघांचे सिकलिंगचे रिपोर्ट पाहून घ्या आधी.”

पुतण्या हळूच म्हणाला, “काकू, चांगल्या कामात काहून असं बोलून राहिली?” मुलाचे वडील हसून म्हणाले, “आमच्या खानदानात असं काही नाही आजी.”

“आमच्याही नव्हतं,” मी म्हणाले. “मीच जाळून टाकलं होतं.”

मग मी सांगायला लागले. सिस्टर, कार्ड, गॅस, आल्याचा चहा. थट्टेच्या सुरात सुरू केलं होतं, मला दुसरा सूर येत नाही. पण डॉक्टरीणबाईंच्या खोलीपर्यंत आले, वर्षानं माझा हात दाबला होता तिथपर्यंत, आणि पुढे शब्दच येईना. सगळे माझ्याकडे पाहत होते. पुतण्याची बायको मला उठवून आत न्यायला आली.

वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पाण्याचा ट्रे. तिनं ट्रे खाली ठेवला, एक ग्लास माझ्या हातात दिला, आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसली.

“थांबा,” ती गोंदियाच्या मंडळींना म्हणाली. “पुढचं मी सांगते.”

आणि ती सांगत होती तेवढा वेळ मी, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प बसून ऐकलं.